शिकाऊ हात आणि रुग्णाची खाट



विडी कामगारांची आणि धानगिरण्यांतील हमालांची संघटना चालवणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरीविषयी, महागाईविषयी, फार तर भविष्यनिर्वाह निधीविषयी बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. यंदा पत्रिकेवर आमच्या नावापुढे रुग्णालयात परिचर्या शिकवण्याच्या पूर्वतयारीचा विषय छापलेला पाहून काही मंडळींनी चालकांना विचारले म्हणे, की छापखान्यात दोन वक्त्यांचे विषय अदलाबदल तर झाले नाहीत? तसे झालेले नाही.

फुलचुरात आणि भोवतालच्या गावांत ज्या बायांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्यांच्यांपैकी कित्येकींच्या मुली आज परिचारिका आहेत. त्यांतल्या दोघी अलीकडेच नर्सिंग कॉलेजात शिकवण्याच्या कामावर लागल्या. कॉलेजात त्यांना क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणतात. सरकारी मराठीत पाठ्यनिर्देशिका असा भारदस्त शब्द आहे. शिकून झाल्यावर वॉर्डात वर्ष-दोन वर्षे काम केले की ही जागा मिळू शकते. त्या दोघी संघटनेच्या कार्यालयात आल्या तेव्हा आम्हांला वाटले, पगाराची काही तक्रार असेल. पण त्या म्हणाल्या, "काका, एक तारखेपासून दहा-दहा पोरी घेऊन वॉर्डात जायचे आहे. काम आम्हांला येते. पण ते दुसऱ्याला शिकवायचे कसे, हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही."

आमची शाळा आठवीत सुटली. वैद्यकाचे आम्हांला काही कळत नाही, आणि कळते असे सोंगही आम्ही करणार नाही. परंतु नवख्या माणसाला काम कसे शिकवतात, कोठे शिकवतात आणि न शिकवताच कामाला कसे जुंपतात, हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले आहे. म्हणून चार रविवार आम्ही बसलो. दोन निवृत्त परिसेविकांना बोलावले, मिळाली ती पुस्तके आणून वाचली, आणि त्या दोघींनी आपली तयारी केली. त्या चार रविवारांत जे निघाले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. कारण त्या वॉर्डातील खाटेवर उद्या आपल्यांपैकीच कोणीतरी असणार, आणि खाटेजवळ उभी राहणारी शिकाऊ मुलगीही आपल्याच घरची असणार.

शिवाय हा विषय अशा मंडपाला परकाही नाही. वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्यांच्या मागे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले आणि पुढे ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी मुली पाठवल्या. त्यांत विधवा होत्या. परक्या माणसाचे अंग पुसायला, त्याची घाण काढायला आपल्या घरची बाई पाठवणे ही त्या काळच्या समाजात केवढी गोष्ट होती, याची कल्पना आज येणे कठीण. तेव्हा हा विषय रानड्यांच्या घरचाच आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता विडीचे पाहा. विडी शिकवण्याची शाळा नाही. मुलगी आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसते. आधी भिजवलेली पाने पुसायची, मग पत्र्याच्या मापावर कैचीने कापायची, मग कोठे तंबाखू हातात येतो. वळणे सगळ्यांत शेवटी. पहिल्या महिन्यातल्या विड्यांपैकी निम्म्या सैल, निम्म्या फुगीर. सट्टेदार त्या छाटात काढतो, घरचे मजुरीत मार खातात, पण मुलगी शिकते. आम्ही त्या दोघींना म्हणालो, तुमच्या आयांनी तुम्हांला असेच शिकवले. तसेच तुम्ही शिकवा. तेव्हा त्यांतली धाकटी लगेच म्हणाली, "काका, आमच्याकडे छाट कोठे टाकायची?"

खरे आहे. तिचा प्रश्न आम्ही त्या दिवशी वहीत लिहून ठेवला. शिकणाऱ्याचा हात आज ना उद्या खऱ्या माणसाच्या अंगावर पडणार, त्यावाचून शिक्षण नाही. आणि तो माणूस दुखण्याने आधीच हैराण झालेला असणार. पुतळ्यावर सुई टोचून, बाहुल्यावर पट्टी बांधून हात पुष्कळसा बसतो. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ते आधी करून घेतलेच पाहिजे, आणि ज्या मुलीने तेथे हात दाखवला नाही तिला वॉर्डात सुई देऊ नये. परंतु पुतळा कण्हत नाही, पुतळ्याची शीर पळत नाही, आणि पुतळ्याचा मुलगा पायथ्याशी उभा राहून रागाने पाहत नाही.

शिकाऊ हातांनी काय होऊ शकते याचे इतिहासातले सर्वांत भयंकर उदाहरण व्हिएन्ना शहरातले आहे. तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया दुसऱ्याच्या कितीतरी पट असत. गावातल्या बायांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने याचा माग काढला. विद्यार्थी सकाळी प्रेते चिरून तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला येत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुनखडीच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरांत अठरांवर बाया दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास उतरले. एवढे होऊनही त्याच्या व्यवसायातील प्रतिष्ठितांनी त्याचे ऐकले नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

आम्ही ही कथा का सांगतो? ते विद्यार्थी दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. उलट, जे जास्त शिकण्याची धडपड करीत तेच प्रेतांवर जास्त काम करीत. दोष शिकण्याच्या व्यवस्थेत होता. म्हणून पहिल्याच दिवशी पाठ्यनिर्देशिकेने दहा मुलींना हात धुवायला उभे करावे आणि स्वतः त्यांच्या आधी धुवावेत. वॉर्डातल्या नळाला पाणी केव्हा असते, साबण असतो की नाही, हे तिने आदल्या दिवशी पाहून ठेवलेले असावे. नळ कोरडा असताना स्वच्छतेवर व्याख्यान देणाऱ्या बाईंकडून मुली स्वच्छता शिकत नाहीत, नाटक शिकतात.

तयारीचा पहिला भाग हाच, की मुली नेण्यापूर्वी आपण एकटीने जावे. त्या दोघींना निवृत्त परिसेविकांनी सांगितले, की कमीत कमी तीन-चार दिवस त्या वॉर्डात सकाळपाळीला जाऊन काम करा. बघायला म्हणून जाऊ नका, काम करायला जा. तुम्ही दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या. तेथे तुमचा हात बसला असेल, येथे ड्रेसिंगची ट्रॉली कोठे उभी असते, ऑक्सिजनचा पाना कोणाच्या खिशात असतो, केसपेपर कसा लिहितात, डॉक्टरांचा राउंड किती वाजता येतो, हे तुम्हांला ठाऊक नाही. एखाद्या रुग्णाला एकाएकी धाप लागली आणि पाठ्यनिर्देशिकाच पाना शोधू लागली, तर दहा मुलींनी काय समजावे?

आणि हेही समजून असावे, की वॉर्ड तुमचा नाही. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरचा आहे. कॉलेजच्या बाई येतात, दहा मुलींची रांग घेऊन मधोमध उभ्या राहतात, स्टाफच्या वाटेत येतात, आणि दुपारी निघून जातात. राहिलेले काम स्टाफच्या गळ्यात. मग स्टाफ मुलींना झिडकारतो, आणि मुली म्हणतात सिस्टर खाष्ट आहेत. कोणाच्या घरी दहा पाहुणे नेण्यापूर्वी आपण घरच्या बाईला विचारतो की नाही? तसे इन्चार्ज सिस्टरला आधी विचारावे. कोणत्या खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ आहे, कोणाच्या नातेवाइकांची मनःस्थिती बरी नाही, मुलींनी काय करावे आणि कशाला हात लावू नये, हे तिच्याकडून लिहून घ्यावे. निघताना काय केले, काय राहिले, ते सांगून निघावे. आमच्या दोघींपैकी थोरलीने पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरला विचारले, "तुम्हांला कोणते काम वेळेअभावी राहून जाते?" सिस्टर म्हणाल्या, "पाठी बघणे." यावर पुढे येतो.

त्याआधी थोडा हिशेब. एका शिक्षिकेमागे दहा विद्यार्थिनी हे भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले प्रमाण. पाळी चार तासांची धरली तर मिनिटे झाली दोनशे चाळीस. एकेका मुलीच्या वाट्याला चोवीस मिनिटे. त्यांतून हात धुणे, चालणे, थांबणे, डॉक्टर आले म्हणून बाजूला होणे वजा करा. आता दहाही मुलींना एकाच वेळी औषधे द्यायला लावली तर वीस हात चालू राहतील आणि शिक्षिकेचे डोळे दोनच. हा हिशेब मांडल्यावर त्या दोघी गप्पच झाल्या. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. औषधे द्यायला रोज दोनच मुली, आणि त्या शिक्षिकेच्या कोपराशी. नाव विचारा, केसपेपर पाहा, औषध पाहा, मात्रा पाहा, देण्याचा मार्ग आणि वेळ पाहा. हे पाच-सहा प्रश्न मोठ्याने म्हणायचे आणि मगच द्यायचे. बाकीच्या आठ जणींना जोडीजोडीने अशी कामे, ज्यांत घाई नाही आणि चुकले तर पुन्हा करता येते: ताप-नाडी-श्वास मोजणे, रक्तदाब घेणे, अंग पुसणे, कूस बदलणे, जेवू घालणे, आणि रुग्णाशी बोलून त्याचे म्हणणे लिहून काढणे. दुसऱ्या दिवशी जोड्या बदलायच्या. कोणती मुलगी आज काय करणार याचा कागद आदल्या संध्याकाळी तयार पाहिजे. हा कागद करायला थोरलीला पहिल्यांदा तीन तास लागले. आता अर्ध्या तासात होतो.

यापेक्षा अवघड अडचण वेगळीच निघाली. ज्याला काम उत्तम येते त्यालाच ते सांगता येत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून १९८४ साली एक पुस्तक लिहिले. नवशिकी परिचारिका नियमाने चालते, आणि मुरलेली परिचारिका एकंदर परिस्थिती एका नजरेत ओळखते, ही त्यातली मुख्य गोष्ट. मुरलेल्या बाईला विचारले, तुम्हांला कसे कळले हा रुग्ण बिघडणार? ती म्हणते, चेहऱ्यावरूनच दिसत होते. पण चेहऱ्यावर काय दिसले, ते नवशिकीला कसे कळावे? आमचा जुना हमाल पोत्याला नुसता हात लावून धान ओले की सुके सांगतो. त्याला कारण विचारले तर तो चिडतो.

यासाठी आम्ही कार्यालयात एक प्रयोग केला. आमचे चिटणीस अंगाने भारी आहेत. त्यांना बाकावर निजवले आणि धाकटीला सांगितले, अर्धांगवायूच्या रुग्णाची कूस कशी बदलायची ते टप्प्याटप्प्याने कागदावर लिही. तिने सात ओळी लिहिल्या. मग तो कागद विडी वळणाऱ्या एका बाईच्या हाती दिला आणि म्हटले, यात लिहिले तेवढेच करा, मनचे काही करू नका. चिटणीस बाकावरून खाली येता येता वाचले! खाटेची पलीकडची बाजू कोणी धरायची ते कागदावर नव्हते. लघवीची नळी ओढली जाऊ नये म्हणून पिशवी आधी सरकवायची, तेही नव्हते. लुळा हात अंगाखाली दबणार नाही हे पाहायचे, तेही नव्हते. आणि मुख्य म्हणजे, "बाबा, आता तुम्हांला डाव्या कुशीवर घेतो" हे रुग्णाला सांगायचे, हेच राहून गेले होते. धाकटीचे हात हे सारे रोज करीत होते. कागदावर उतरवायची वेळ आली तेव्हा ते हातांतच राहिले. दुसऱ्या खेपेला तिने एकोणीस ओळी लिहिल्या. आम्हांला विचाराल तर पहिल्यांदा शिकवायला जाणाऱ्याची खरी तयारी हीच. पुस्तक पाठ करणे त्यामानाने सोपे.

कूस बदलण्याला आपण क्षुल्लक समजतो. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी हलवले नाही तर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर कातडी दबून मरते आणि खाटव्रण पडतो. आधी नुसती लाली दिसते. बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावर लाली पांढरी पडून परत आली तर बरे, तशीच राहिली तर कातडी धोक्यात आली असे समजावे. काळ्यासावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेथे ऊन लागते का, टणक लागते का, ते हाताला पाहावे लागते. इन्चार्ज सिस्टर "पाठी बघणे" म्हणाल्या ते हे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकीकत आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर त्याच रुग्णालयात अत्याचार झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. मधली एकेचाळीस वर्षे आणि काही महिने त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, वळवले. इतक्या वर्षांत खाटव्रण होऊ दिला नाही म्हणून त्या परिचारिकांचे नाव झाले. एकेचाळीस वर्षांत किती परिचारिका निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील! १९७३ साली ज्यांनी सुरुवात केली त्यांनी पुढच्यांना दाखवले, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. हे कोणत्या परीक्षेत येत नाही. खाटेशेजारी उभे राहून एकीने दुसरीला दाखवले, म्हणून ते टिकले.

आता आपल्या भागाकडे येऊ. गोंदियाच्या रुग्णालयांत केवळ गोंदियाचे रुग्ण येत नाहीत. पलीकडून बालाघाटचे येतात, छत्तीसगडचे येतात, सालेकसा-देवरीच्या जंगलातले येतात. कोणी पोवारी बोलतो, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी, कोणी झाडीबोली. मुली पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि केसपेपरही इंग्रजीत लिहितात. म्हातारी म्हणते, "बाई, जीव घाबरून रायला." मुलगी लिहिते, रुग्ण भयभीत आहे. वास्तविक म्हातारीला भय कसलेच नाही. तिला घाम सुटला आहे, रक्तातली साखर उतरली असेल, हृदयाचे काही असेल. म्हणून त्या दोघींनी नियम केला, की रुग्णाने जो शब्द वापरला तो आधी तसाच वहीत उतरवायचा, अर्थ नंतर लावायचा. ज्या मुलीला गोंडी येते तिला आपल्या बोलीची लाज वाटत होती. तिला पहिल्या आठवड्यात तीन वेळा हाक मारून दुभाषी केले. आता ती मान वर करून चालते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या विदर्भात हा आजार आहे हे नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडे-सांधे असे दुखतात की तरणाताठा मुलगा ओरडतो. बाहेरून जखम नाही, सूज असेलच असे नाही. तोच मुलगा महिन्याभरात पुन्हा येतो. मग कोणी म्हणते, ढोंग करतो. कोणी म्हणते, इंजेक्शनची चटक लागली. शिकाऊ मुलगी हे ऐकते, आणि पुस्तकात काय लिहिले आहे ते विसरून जे ऐकले तेच शिकते. वॉर्डात मुली शिक्षिकेच्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून जास्त शिकतात, यात आम्हांला शंका नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात अशा एका रुग्णाजवळ, त्याची संमती घेऊन, शिक्षिकेने स्वतः बसावे. दुखणे दहांपैकी किती, ते त्यालाच विचारावे, तो सांगेल तेच लिहावे, पाणी किती प्यायला ते पाहावे, पांघरूण आहे का पाहावे. थंडी आणि पाण्याची तूट या दोहोंनी हे दुखणे उसळते. मुली बाजूला उभ्या राहून पाहतील.

संमतीवरून आठवले. रुग्णाला विचारायचे कोणी? दहा मुली खाटेभोवती उभ्या करून मग "चालेल ना आजी?" असे विचारले तर आजी नाही कशी म्हणणार? शिक्षिकेने आधी एकटीने जाऊन विचारावे. मुलीने जवळ आल्यावर आपले नाव सांगावे आणि आपण शिकाऊ आहोत हेही सांगावे. रुग्ण नाही म्हणाला तर पुढल्या खाटेकडे जावे, तोंड वाकडे करू नये. पुरुष रुग्णाचे अंग पुसताना अठरा वर्षांच्या मुलीचा आणि त्या पुरुषाचाही संकोच असतो. पडदा कोठे आहे, तो सरकतो का, हे आदल्या दिवशी पाहण्याच्या गोष्टींत आलेच.

मुलीचा हात चुकू लागला तर? सुई चुकीच्या कोनात चालली असेल तर शिक्षिकेने शांतपणे तिच्या हातावर हात ठेवून थांबवावे. रुग्णासमोर "एवढेही येत नाही?" असे म्हणू नये. त्याने मुलीचा हात कापतोच, आणि रुग्णाचा साऱ्यांवरचा विश्वास उडतो. बोलायचे ते बाहेर. आणि एखादी मुलगी होऊन सांगायला आली, की बाई, मी औषध चुकीच्या खाटेवर नेले होते, देण्याआधी नाव विचारले म्हणून कळले. तर तिला शिक्षा करू नये. शिक्षा केली तर पुढची चूक कळणार नाही, एवढेच. गिरणीत आम्ही हे फार पाहिले आहे. मुकादम मारतो म्हणून पोरे यंत्राचा बिघाड लपवतात.

गिरणीचे नाव निघाले तर तेही सांगतो. आम्ही तरुण असताना एका गिरणीत सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पहिल्याच दिवशी पट्ट्यावर उभा केला. माणूस कमी होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. १९४८ च्या कारखाना कायद्यात तेविसावे कलम होते: अल्पवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावण्यापूर्वी धोका पूर्ण समजावून सांगितला पाहिजे, आणि एकतर त्याला पुरते शिक्षण दिले पाहिजे, नाहीतर जाणत्या माणसाची देखरेख पाहिजे. ते कलम आम्हांला तेव्हापासून तोंडपाठ आहे. यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या पोरासाठी कायदेमंडळाला हे सुचले. खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या मुलीलाही, आणि खाटेवरच्या माणसालाही, तेवढे तरी मिळावे की नाही?

वॉर्डात स्टाफ कमी असला की डोळे विद्यार्थिनींकडे वळतात. हे आजचे नाही. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा साऱ्या देशात परिचारिका सात हजारांच्या आसपास होत्या. त्याही आधीचे पाहा: फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली निघाली, साऱ्या जगाने तिचा कित्ता गिरवला. पण १८७२ च्या सुमारास खुद्द नाइटिंगेलबाईंना आढळले, की शिकाऊ मुलींकडून नुसते वॉर्डातले काम करून घेतले जात आहे आणि शिकवणे मागे पडले आहे. तेव्हा त्यांनी मुलींच्या शिक्षणाकडे पाहण्यासाठी वेगळी सिस्टर नेमवली. ज्या शाळेत असे घडू शकले, त्या शाळेच्या लेकीसुनांत ते घडणार नाही असे कोण म्हणेल? केसपेपर इकडून तिकडे नेणे, रक्ताच्या बाटल्या पोचवणे, रात्रपाळीला एकटीने तीस खाटा सांभाळणे, यांस शिक्षण म्हणत नाहीत. काम केल्याने मुली झिजतात असे आमचे म्हणणे नाही. आम्ही कामकरी माणसे, कामाला कमी लेखत नाही. पण प्रत्येक कामाच्या मागे शिक्षिका एक प्रश्न विचारू शकते: या कामातून ही मुलगी आज काय शिकली? उत्तर नसेल, तर ती शिकाऊ नव्हे, बिनपगारी नोकर. हा प्रश्न नवी पाठ्यनिर्देशिका एकटी विचारू लागली तर तिची बदली होते. चौघींनी मिळून विचारला तर बैठक लागते. आमच्या अनुभवाचा या विषयाला उपयोग झाला असेल तर तो एवढ्या बाबतीत.

आपण नागरिकांनी काय करावे, असे कोणी विचारील. आपला माणूस दवाखान्यात असेल आणि शिकाऊ मुलगी जवळ आली तर तिला हाकलू नये. तिच्याबरोबर शिक्षिका आहे का, एवढे विचारावे. शिक्षिका असेल तर निर्धास्त असावे, नसेल तर इन्चार्ज सिस्टरला सांगावे. मुलीने हात धुतले का, हेही विचारावयास लाजू नये. विचारल्याचा राग येणार नाही अशा मुली तयार करणे हे शिक्षिकेचे काम, आणि ते आमच्या दोघींनी मनावर घेतले आहे.

पाळी संपल्यावर अर्धा तास बसून दिवसभराचे बोलायचे, असे त्यांनी ठरवले आहे. कोणी आज पहिल्यांदा मरण पाहिलेले असते, कोणाला रुग्णाने शिवी दिलेली असते, कोणी कूस बदलताना टाचेवरची लाली ओळखलेली असते. ते घरी जाऊन सांगण्याजोगे नसते, आणि दुसऱ्या दिवशी नव्या कामाच्या गर्दीत विसरते. यासाठी वॉर्डाजवळ एक खोली मिळावी असा अर्ज संघटनेने केला आहे. उत्तर आलेले नाही. तोवर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बैठक भरते. बसायला अकरा स्टुले लागतात. सात संघटनेने दिली आहेत. चार कमी आहेत. ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी सभेनंतर चालकांकडे नाव द्यावे.